पाडव्याचं गिऱ्हाईक

"आडनाव बरं आहे तुमचं," शहाणे म्हणाले. "जाधव. काही त्रास नाही."

मी चहाचा कप त्यांच्या हातात देत होते, तो तसाच अधांतरी राहिला. दारावरची पाटी वाचून इतकं समाधान पावलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"आणि मिस्टरांचं नाव?"

"गौतम."

"चालेल. गौतम कुणातही असतो. मुलगी?"

"उत्पला. पुण्याला असते."

"उत्पला, उत्पला..." त्यांनी नाव जिभेवर घोळवून पाहिलं. "बंगाली वाटतं. छान."

"माझं नाव विशाखा. विचारलं नाहीत म्हणून सांगते."

"वा! नक्षत्राचं नाव."

शहाणे म्हणजे घरांचे एजंट. नाशिकमध्ये आमच्या भागातली निम्मी घरं त्यांच्या हातून गेली होती आणि उरलेली निम्मी जायची वाट बघताहेत, असं त्यांच्या चेहऱ्यावर कायम लिहिलेलं असे. पाडवा तीन आठवड्यांवर आला होता. पाडव्याच्या आधी गिऱ्हाईक घरं बघत फिरतं, पाडव्याला टोकन देतं, आणि पाडवा हुकला की थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत हात बांधून बसतं, हे त्यांनी मला बोटांवर समजावून सांगितलं. मी सातवी शिकलेली. बाकीचं शिक्षण वाचनालयातून आणि अशा लोकांकडून झालं.

मग ते उठून घर बघू लागले. नळ उघडून बघितले, खिडक्या लावून बघितल्या. शेवटी हॉलमध्ये येऊन दिवाणासमोरच्या भिंतीपाशी थांबले आणि त्यांनी सुस्कारा सोडला.

"हे मात्र..."

भिंतीवर दोन फोटो होते. एक बुद्धाचा, एक बाबासाहेबांचा. बावीस वर्षांपूर्वी आम्ही या तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा गॅसची शेगडी यायच्या आधी हे दोन फोटो आले होते. खिळे माझ्या सासऱ्यांनी ठोकले होते.

"माझ्या मनात काही नाही हो वहिनी," शहाणे म्हणाले. "माझे कितीतरी मित्र तुमच्यातले आहेत."

"किती?"

"अं?"

"कितीतरी म्हणजे किती?"

शहाण्यांनी चहा संपवला.

"गिऱ्हाइकाचं बोलतोय मी. माणूस घर बघायला येतो, आधी भिंती बघतो. मग 'कळवतो' म्हणून जातो आणि कळवत नाही. तुम्हाला पाडव्याच्या आत विकायचं आहे ना? मग तीन आठवडे फोटो आत ठेवा. एक छोटासा देव्हारा मांडा. गॅलरीत तुळस. दाराला तोरण. आणि मटण-मासळी बंद, वास भिंतीत बसतो."

"आमचा?"

"मटणाचा हो वहिनी. आणि कोणी विचारलं, कुठले जाधव, तर साताऱ्याकडचे म्हणायचं."

"आम्ही साताऱ्याकडचेच आहोत."

"मग मिटलंच! खोटं बोलायचीसुद्धा गरज नाही."

हे सगळं चाललं होतं तेव्हा आमचे हे दिवाणावर बसून पेपर वाचत होते. वाचत होते म्हणजे पेपर तोंडासमोर धरून होते. पान अर्ध्या तासात उलटलं नव्हतं.

घर विकायची हौस आम्हाला नव्हती. वीज मंडळातून रिटायर झाल्यावर तिसऱ्या महिन्यात हे जिन्यात पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण तीन मजले काही त्यांना जमेनात. इमारतीला लिफ्ट नव्हती. चार महिन्यांत ते दोनदा खाली उतरले होते, दोन्ही वेळा दवाखान्यात जायला, खुर्चीत बसवून, वॉचमन आणि समोरच्या बेहेऱ्यांचा मुलगा यांच्या हातांवर. आयुष्यभर खांबावर चढलेला माणूस. उतरताना डोळे मिटून बसायचे. रस्त्याला लागून असलेल्या जवळच्या कॉलनीत सानपबाईंचं तळमजल्यावरचं घर विकायला होतं. पुढे चार पावलं अंगण, फाटक, आणि फाटकाबाहेर लगेच रस्ता. सानपबाई भल्या. म्हणाल्या, पाडव्यापर्यंत थांबते, मग मात्र दुसऱ्याला देईन. आमचं विकल्याशिवाय त्यांचं घेता येत नव्हतं. गोष्ट एवढीच होती.

शहाणे गेल्यावर मी विचारलं, "काय करायचं हो?"

पेपरमागून उत्तर आलं, "तुला काय वाटतं?"

"तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

ह्यांनी पेपर आणखी वर धरला. मी स्टूल घेतलं आणि फोटो उतरवले. माझ्या लग्नातल्या शालूत गुंडाळले. ठेवायचे कुठे? शहाणे सांगून गेले होते की गिऱ्हाईक कपाटं उघडून बघतं, माळ्यावर टॉर्च मारून बघतं. दिवाणाच्या पेटीत कोणी बघत नाही. मी ह्यांना उठवलं, फळी वर केली, दोन गोधड्यांच्या मधे फोटो नीट ठेवले, फळी लावली, गादी घातली.

"बसा आता."

ह्यांनी काठीनं कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले.

"अहो, तिथं कुठं? डॉक्टरांनी उंच आणि मऊ बसायला सांगितलंय."

"कुणावर बसू?" हे म्हणाले.

एवढंच. नंतर तो विषय त्यांनी काढला नाही. पण दिवाणावर बसले नाहीत ते नाहीतच. झोपायचे आतल्या खोलीत आणि दिवसभर त्या खुर्चीत, एका बाजूवर भार टाकून, ओठ घट्ट मिटून. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला माणूस. त्याच्या डोळ्यांदेखत मी समोरच्या बेहेरे काकूंकडे देव्हारा मागायला गेले.

"अगं, त्यात काय एवढं!" काकू म्हणाल्या. त्यांना खरंच आनंद झाला होता. "आमच्याकडे दोन आहेत. हा घे, गणपती घे, ही अन्नपूर्णा घे, बाळकृष्णही नेतेस का? ने. बरी केलीस हो ही गोष्ट. तसे तुम्ही वाटतच नाही. मी नेहमी सांगते सगळ्यांना."

"काय सांगता?"

"हेच. की वाटत नाही."

काकू मनानं वाईट नव्हत्या, हे आधी सांगून ठेवते. ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी दोन महिने रोज एक भाजी आमच्याकडे यायची. डबा परत गेला की त्या तो पुन्हा घासून घ्यायच्या, तो आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येई. दोन्ही गोष्टी खऱ्या.

मग गिऱ्हाइकं सुरू झाली. मी रोज सकाळी उठून देवांना पाणी घालायची, तुळशीची चार पानं खुडून गणपतीच्या डोक्यावर ठेवायची, आणि नवी कोरी नथ घातलेल्या नटीसारखी दार उघडायला तयार व्हायची. एक गृहस्थ होकायंत्र घेऊन आले आणि संडासाच्या दारात उभे राहून बराच वेळ उत्तर दिशा शोधत होते. एका बाईंना गॅलरीतून स्मशान दिसतं का ते जाणून घ्यायचं होतं. दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मग धूर?" एका जोडप्यानं विचारलं, आधी इथं कोण राहायचं? आम्हीच, मी म्हटलं. तुमच्या आधी? बिल्डर. त्याच्या आधी? द्राक्षांचा मळा. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

आणि सगळे, अगदी सगळे, जाता जाता दाराशी थांबून आवाज खाली आणून एकच विचारायचे. "सोसायटीत तसलं कोणी नाही ना?"

"नाही," मी म्हणायची.

पहिल्यांदा म्हणताना जीभ जड झाली होती. सहाव्यांदा नाही झाली. याचीच मला जास्त शरम वाटते.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी मोरे आले. किशोर मोरे बँकेत होते, त्यांची बायको नीलिमा, आणि मोऱ्यांची आई, जिला सगळे आक्का म्हणत. नीलिमा तिशी-पस्तिशीची, चुणचुणीत, भरगच्च मंगळसूत्र घातलेली. बोलायला लागली की थांबेना.

"आमच्याकडे सासूबाईंचं सोवळं फार हो ताई. चातुर्मासात कांदा-लसूण घरात येत नाही. म्हणून म्हटलं शेजार बघूनच घर घ्यायचं."

आक्का फरशीकडे बघत होत्या. तिसरा मजला चढून आल्यानं त्यांचा भाता अजून चालू होता.

"शेजार चांगला आहे," मी म्हटलं. "समोर बेहेरे आहेत."

"म्हणजे सगळे... आपलेच?"

"आपलेच."

दोघी एकमेकींकडे बघून हसलो. स्वयंपाकघरात देव्हारा बघून तर ती खूषच झाली. "अय्या, किती प्रसन्न वाटतं! गणपतीला तुळस काय शोभून दिसते. आम्ही पण रोज वाहतो."

मला बरं वाटलं. कोणाला का असेना, माझी पूजा आवडली.

आक्का तेवढ्या वेळात दोनदाच बोलल्या. एकदा "जिनं लय हायेत." आणि दुसऱ्यांदा हॉलमधल्या भिंतीकडे बघून. फोटो होते तिथं रंग जरा उजळ राहिला होता. दोन चौकोन, शेजारी शेजारी.

"हितं काय व्हतं?"

"घड्याळ," मी म्हटलं.

"दोन घड्याळं?"

"आई!" किशोर म्हणाले.

संध्याकाळी शहाण्यांचा फोन. घर पसंत. पाडव्याला टोकन. ह्यांना सांगितलं तर त्यांनी मान हलवली आणि खुर्चीत कूस बदलली. पण थोड्या वेळानं म्हणाले, "सानपबाईंच्या फाटकाला कडी आहे का गं आतून? की नुसतं ढकलायचं?" तेव्हा मला कळलं, हा माणूस मनानं रोज त्या फाटकातून बाहेर पडतो आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी काकू आल्या. आमच्या घरात पहिल्यांदाच गुढी उभारायची होती, शहाण्यांचा तसा हुकूमच होता, आणि काठी, तांब्या, कडुनिंब, साखरेची गाठी असं सगळं काकूंनीच जमवलं होतं. सामान ठेवायला त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि एकदम हसू लागल्या.

"अगं बाई! गणपतीला तुळस?"

"का? काय झालं?"

"गणपतीला तुळस वाहत नाहीत गं! दुर्वा वाहतात. आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. "नशीब, त्या मोरे मंडळींनी बघितलं नाही."

"बघितलं, काकू."

"मग? काय म्हणाल्या?"

"शोभून दिसते म्हणाल्या."

"लक्ष नसेल गेलं," काकू म्हणाल्या, आणि ही गंमत सुनेला सांगायला लगबगीनं समोर गेल्या.

मी तिथंच उभी राहिले. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी बाई. सोवळ्यातली सासू. आणि 'आम्ही पण रोज वाहतो.' दोन घड्याळं?

मला हसू आलं. मग हसू गेलं. आम्ही दोघी एकमेकींसमोर उभ्या राहून एकमेकींना फसवत होतो, आणि दोघींनाही धड येत नव्हतं.

पाडव्याच्या सकाळी काकूंनी गॅलरीत गुढी बांधून दिली आणि स्वतःच्या घरी गेल्या. मी ह्यांना म्हटलं, "ती माणसं आपली आहेत."

"कशावरून?"

मी सांगितलं.

"आणि नसली तर?"

"मी फोटो लावते. आपली असली तर बिचाऱ्यांची सुटका होईल. केवढं ओझं घेऊन फिरतायत. नसली तर..."  नसली तर शहाणे म्हणाले तसं 'कळवतो' म्हणून जातील, आणि सानपबाईंचं घर दुसऱ्याचं होईल.

"काढलेस तू," हे म्हणाले. "लावशीलही तूच. मी काय सांगू?"

मी पेटी उघडली. फोटो पुसले. स्टुलावर चढून लावले. ह्यांनी काठी उचलून दाखवलं, "बाबासाहेब डावीकडे कलले आहेत." मी सरळ केले. मग हे उठले, सावकाश दिवाणापर्यंत आले आणि गादीवर बसले. इतक्या दिवसांनी पाठ टेकली. त्यांच्या तोंडून एक लांबलचक 'हाऽऽ' निघाला, तो ऐकून मला स्वतःचा राग आला. कसला तीन आठवड्यांचा प्रश्न आणि कसलं काय.

साडेदहाला शहाण्यांचा फोन. दोन टोकनं आटपून वीस मिनिटांत येतो. आणि तेवढ्यात बेल वाजली.

दार उघडलं. किशोर पेढ्यांचा बॉक्स घेऊन पुढे, मागे नीलिमा नव्या साडीत, सगळ्यात मागे कठडा धरून आक्का. किशोर उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून थबकले. नीलिमानं त्यांच्या खांद्यावरून बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू पुसल्यासारखं गेलं.

 मग मागून आक्कांचा आवाज आला.

"किशोर, चपला काढ आधी."

किशोरांनी चपला काढल्या. आक्का त्यांना बाजूला सारून आत आल्या, भिंतीपाशी गेल्या, हात जोडले, आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग येऊन ह्यांच्या शेजारी दिवाणावर बसल्या.

"कवा काढलं व्हतं?"

"वीस दिवस झाले," हे म्हणाले.

"आमी चार वर्सं," आक्का म्हणाल्या.

मला तर इतका आनंद झाला होता! टाळी वाजवायचीच काय ती बाकी राहिली होती. "मला वाटलंच होतं! अहो, गणपतीला तुळस वाहतच नाहीत म्हणे. तुम्ही छान म्हणालात आणि मी..."

"ताई, दार लावा," नीलिमा म्हणाली.

मी दार लावलं.

"कोणाकोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही. फक्त ह्यांना."

"समोरच्यांना?"

"नाही गं. का? घाबरतेस कशाला? आता आपल्या आपल्यात..."

"आपल्या आपल्यात काय ताई?" तिचा आवाज अगदी खाली होता, म्हणूनच जास्त लागला. "चार वर्षांत तीन भाड्याची घरं सोडलीत आम्ही. आडनावावर निभतं. मग गाव विचारतात. मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारतात. तिसरी मालकीण तर चहा देऊन, शेजारी बसवून विचारत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या भाच्याचं लग्न ठरलं आणि तिला जागा हवी झाली. माझी मुलगी विचारते, आई, मैत्रिणींना घरी बोलावू का? मी म्हणते, थांब, आधी आपलं घर होऊ दे."

"पण असं लपून किती दिवस राहणार?" मी म्हटलं. "आम्ही बावीस वर्षं राहिलो इथं. हे फोटो लावून. कोणी काही वाकडं केलं नाही."

"मग आता काढलेत कशाला?"

मी भिंतीकडे बघितलं.

"आणि आज परत लावलेत," ती म्हणाली. "लावा ना. तुम्ही जाणार आहात. आम्हाला इथं राहायचंय."

किशोर खिडकीतून गुढीकडे बघत होते. पेढ्यांचा बॉक्स अजून त्यांच्या हातातच होता. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना मनातल्या मनात नावं ठेवली आहेत, ठेवते. शहाण्यांना, होकायंत्रवाल्याला, काकूंना. त्या दिवशी त्या मुलीनं मला त्यांच्याच रांगेत नेऊन उभं केलं आणि मला तिथून हलता येईना. माझं धाडस म्हणजे काय, तर सामान बांधून झाल्यावरचं धाडस.

फोन वाजला. शहाणे खाली आले होते, गाडी लावत होते.

मी ह्यांच्याकडे बघितलं. वीस दिवस प्लॅस्टिकच्या खुर्चीत कळा सोसलेल्या माणसाकडे. मला वाटलं, आता हे काठी आपटतील. पण ते म्हणाले, "विशाखा, काढ."

"अहो..."

"पोरगी बरोबर बोलतेय. काढ. तिला राहायचंय."

मी स्टुलावर चढले. नीलिमानं खालून फोटो घेतले, एक, मग दुसरा.  मी पेटीकडे वळले, तेव्हा ह्यांनी मान दुसरीकडे फिरवली आणि उठायला काठी शोधू लागले.

"आना हिकडं," आक्का म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही फोटो मांडीवर घेतले, काचा आत, पाठ बाहेर, आणि अंगावरची शाल काढून वरून पांघरली. मग दोन्ही हात शालीवर ठेवून बसून राहिल्या, तान्हं पोर झोपवल्यासारख्या. नीलिमानं पदरानं डोळे टिपले. मी दार उघडलं.

"वा वा! गुढी उभारलीत!" शहाणे आत येता येताच म्हणाले. "काय वहिनी, म्हटलं होतं ना? योग्य माणसाला योग्य माणूस मिळतो. मोरेसाहेब, जाधव म्हणजे साताऱ्याकडचे बरं का. खानदानी. आणि मोरे म्हणजे तुम्ही जावळीकडचे असणार!"

"हो," किशोर म्हणाले. "तिकडचेच."

"बघा! माणूस ओळखायला नजर लागते."

गिऱ्हाईक आलं हे काकूंना खिडकीतून दिसलंच होतं. त्या कडुनिंबाची चटणी घेऊन आल्या, सगळ्यांच्या तळहातांवर ठेवली. आक्कांचे हात शालीवर होते, तेव्हा काकूंनी स्वतः त्यांच्या तोंडात घातली.

"तुम्ही येताय, फार बरं वाटलं," काकू म्हणाल्या. "मला सोबत होईल. आपल्यातलं कोणी समोर असलं की दार उघडं टाकता येतं."

"व्हय," आक्का कडू तोंडानं म्हणाल्या.

टोकन दिलं गेलं, पेढे वाटले गेले. आक्कांच्या मांडीवर शालीखाली काय आहे, हे तासाभरात ना शहाण्यांनी विचारलं, ना काकूंनी. म्हातारीच्या मांडीकडे कोण बघतं?

शहाणे आणि काकू गेल्यावर आक्कांनी फोटो माझ्या हातात दिले. जाताना नीलिमानं जिन्यात माझा हात धरला. "ताई, कोणाला नाही ना?"

"कोणाला नाही," मी म्हटलं. तो शब्द मी पाळला. मागच्या वर्षी मोऱ्यांनीही ते घर विकलं आणि ते मुलीकडे बंगलोरला गेले, म्हणून आता लिहिते आहे.

मे महिन्यात आम्ही सानपबाईंच्या घरात आलो. फाटकाला कडी नव्हती, नुसतं ढकलायचं होतं. हे पहिल्याच संध्याकाळी बाहेर पडले, कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत गेले आणि पान खात नसताना दोन पानं बांधून घेऊन आले.

पुढच्या पौर्णिमेला दुपारी दारात रिक्षा थांबली. आक्का. एकट्या. हॉलमध्ये येऊन बुद्ध आणि बाबासाहेबांसमोर पाट मागून घेतला आणि बसल्या. तासभर बसल्या. वंदना त्यांना पाठ होती, पण आवाज काढायची सवय मोडली होती. सुरुवातीला नुसते ओठच हलले. तिसऱ्या-चौथ्या पौर्णिमेपासून हे त्यांच्याबरोबर मोठ्यानं म्हणू लागले, मग त्याही म्हणू लागल्या. नंतर चहा, थोडी भाकरी, सुकटीची चटणी, आणि परत रिक्षा. घरी गेल्यावर पुन्हा तीन मजले चढायचे. सहा वर्षं एकही पौर्णिमा चुकली नाही.

सातव्या वर्षी त्या गेल्या. नीलिमाचा फोन आला तो रडणारा, पण तेव्हाही आवाज खालीच. गावी नेणार होते, निफाडच्या पुढे. आम्ही दोघं गेलो. काही दिवसांनी पुन्हा त्यांच्या जलदान विधीलाही गेलो. आक्कांच्या माहेरच्या बायका आल्या होत्या, पांढऱ्या साड्यांनी अंगण भरलं होतं, आणि भन्तेजी बोलत असताना नीलिमा माझ्या शेजारी बसून मोठ्यानं, सगळ्यांच्या वर आवाज चढवून, त्रिशरण म्हणत होती. गावात तिला भिण्याचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेहेरे काकूंचा फोन आला. एरवी त्यांचा फोन सणासुदीलाच यायचा.

"विशाखा, तुला कळलं का? मोऱ्यांच्या आक्का गेल्या गं."

"हो का?"

"इथं काही केलं नाही हो. दहावं, तेरावं, सगळं गावाकडे. फार सोवळ्याची माणसं, घरात नको वाटलं असेल. पण बाई होती देवभोळी! तीन मजले उतरून दर पौर्णिमेला रिक्षानं कुठल्याशा देवळात जायची. विचारलं तर नुसतं हसायची. सांगितलं असतं तर मीही गेले असते की. तुला माहितीये का गं कुठलं देऊळ?"

कालची पांढरी साडी बाहेर अंगणात वाळत होती. हे दिवाणावर पेपर घेऊन बसले होते. पेपर थोडा खाली आला.

"नाही काकू," मी म्हटलं. "मला कसं माहीत असणार?"